विश्लेषण : धपाटा, बागुलबुवा की समजूत? बालवाडीतल्या मुलांना शिस्त लावण्याच्या जगभरच्या तऱ्हा काय सांगतात?

‘ऐकले नाही तर द्या एक ठेवून,’ असे बालवाडीच्या दारात बाईंना सांगणारे पालक मुंबईत आजही कमी नाहीत. ‘आमच्या मुलीशी कोणी मोठ्या आवाजात बोललेले चालणार नाही,’ असे बजावणारे पालकही त्याच दारात भेटतात. दोघांची मुले मात्र एकाच चटईवर बसतात. युनिसेफच्या २०२४च्या अंदाजानुसार जगातल्या पाच वर्षांखालील सुमारे ४० कोटी मुलांना, म्हणजे दर दहापैकी सहा जणांना, घरी नियमितपणे मार किंवा आरडाओरडा, अपमान सोसावा लागतो. शिस्त लावण्याची रीत संस्कृतीनुसार बदलते, हे खरे. पण मग मारही त्या त्या संस्कृतीचा भाग म्हणून सोडून द्यायचा का? वेगवेगळ्या देशांतले अभ्यास, महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव आणि सध्याचा कायदा यावर काय सांगतात, याचा आढावा.

अँटॉप हिलमध्ये हा प्रश्न ठळकपणे का दिसतो?

वडाळा, शीव कोळीवाडा आणि किंग्ज सर्कल यांच्या मधला अँटॉप हिलचा परिसर म्हणजे छोटा भारत. देशभरातून बदली होऊन आलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांची सीजीएस कॉलनी इथे आहे. फाळणीनंतर निर्वासित पंजाबी कुटुंबांनी वसवलेला शीव कोळीवाड्याचा भाग लागूनच आहे. कोकरी आगारापासून टेकडीच्या कडेच्या वस्त्यांपर्यंत मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी, उर्दू बोलणारी घरे शेजारी-शेजारी राहतात. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ भाषांच्या माध्यमांतून शाळा चालवते, त्यामागे अशाच वस्त्या आहेत.

पहिलीपासून मुले भाषेनुसार वेगळ्या शाळांत जातात. त्याआधी अंगणवाडीत, बालवाडीत किंवा गल्लीतल्या खासगी ‘प्लेग्रुप’मध्ये मात्र ती एकत्र असतात. एकाला घरी डोळे वटारले की पुरते, दुसऱ्याला आजी कडेवर घेऊन फिरवते, तिसऱ्याला चापट बसल्याशिवाय ‘नाही’ म्हणजे खरेच नाही हे कळत नाही. या सगळ्यांना ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ या एका हुकमात बसवणे ही अंगणवाडी ताईंची किंवा टीचरची रोजची कसरत असते. त्या मुलाला कसे आवरतात, यावर शाळा ही घाबरण्याची जागा आहे की येण्याची, हे त्याच्या मनात ठरत जाते.

आपली परंपरा मुलांना मारा असे सांगते का?

पूर्णपणे नाही. चाणक्याच्या नावावरचे एक संस्कृत वचन नेहमी सांगितले जाते. पाच वर्षे लाड करावेत, पुढची दहा वर्षे धाकात ठेवावे आणि सोळाव्या वर्षी मुलाला मित्रासारखे वागवावे, असा त्याचा आशय. म्हणजे छडीचे समर्थन करणाऱ्या या वचनातही पाच वर्षांखालच्या मुलाला मार नाही, लाड आहेत. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी १९७८च्या ‘द इनर वर्ल्ड’ या पुस्तकात भारतीय बालपणाचा हाच साचा मांडला आहे. सुरुवातीची काही वर्षे मूल आईच्या पदराला धरून, जवळपास बिनबंधनाचे वाढते आणि नंतर, विशेषतः मुलगा, अचानक नियमांच्या जगात ढकलला जातो.

शहरात ही मर्यादा खाली सरकली. पूर्वी पहिलीत, सहाव्या वर्षी सुरू होणारी शाळा आता अडीच-तीन वर्षांवर आली आणि धाकाचे वयही तिच्याबरोबर खाली आले. लाडांची म्हणून ठरलेली वर्षेच आता वर्गात जातात.

मार हे प्रेमाचेच रूप आहे, ही समजूतही आपल्याकडे खोल रुजलेली आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारत बाहेर काढते. मराठी वाचकाने तो प्रसंग क्रौर्य म्हणून वाचलेला नाही, माया म्हणूनच वाचला आहे. ‘गोश्त आपका, हड्डी हमारी’, म्हणजे हाडे तेवढी शाबूत ठेवा, बाकी मूल तुमच्या हवाली, असे उस्तादांना सांगण्याची रीत उर्दू भाषक घरांत होती. गंमत म्हणजे तुर्की भाषेतही नेमकी हीच म्हण आहे. मूल शिक्षकाच्या हाती सोपवणे म्हणजे त्याला मारण्याची परवानगी देणे, ही कल्पना एका धर्माची किंवा देशाची नाही.

बागुलबुवा कुठे कुठे असतो?

जवळपास सगळीकडे. मराठीत बागुलबुवा, हिंदीत हौआ, तमिळमध्ये पूच्चांडी, तेलुगूत बूचोडु, कन्नडमध्ये गुम्मा. अँटॉप हिलच्या एकाच मजल्यावर ही सगळी मंडळी मुक्कामाला असू शकतात. सोळाव्या शतकातल्या पुरंदरदासांच्या एका कानडी पदात बाळकृष्ण आईला विनवतो, की त्या गुम्माला बोलावू नकोस, मी शहाण्यासारखा वागेन. आज बागुलबुव्याची जागा ‘पोलीस पकडतील’, ‘डॉक्टर सुई टोचतील’ किंवा ‘टीचरला सांगेन’ या वाक्यांनी घेतली आहे. यातले शेवटचे वाक्य बालवाडीसाठी सर्वात महागात पडते. ज्या बाईंकडे मुलाने धावत जावे, त्यांनाच घरात बागुलबुवा केलेले असते.

कॅनडाच्या उत्तरेकडील इन्युइट लोकांमध्येही मुलांना भीती घातली जाते. बर्फाच्या कडेला गेलेल्या मुलाला ओढून नेणारा समुद्रातला प्राणी त्यांच्या गोष्टींत असतो. तिथे ही भीती मुलाचा जीव वाचवण्यासाठी आहे. एरवी ही माणसे मुलांवर आवाजही चढवत नाहीत. मानववंशशास्त्रज्ञ जीन ब्रिग्ज यांनी एका इन्युइट कुटुंबासोबत राहून १९७०मध्ये ‘नेव्हर इन अँगर’ हे पुस्तक लिहिले. चिडलेला मोठा माणूस हा त्या समाजात पोरकट समजला जातो, हे त्यांनी नोंदवले. मुलाने कुणाला मारले तर नंतर, सगळे शांत झाल्यावर, त्याच प्रसंगाचे छोटे नाटक करून ‘मला मार बघू, लागते का?’ असे विचारले जाते. राग आवरणारा माणूस कसा दिसतो, हे मूल आधी मोठ्यांकडे बघून शिकते.

जपानी शिक्षिका भांडण का सोडवत नाही?

बालवाडीतल्या शिस्तीचा सर्वात गाजलेला तुलनात्मक अभ्यास जोसेफ टोबिन, डेव्हिड वू आणि डेना डेव्हिडसन यांचा. १९८९मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रीस्कूल इन थ्री कल्चर्स’ या पुस्तकासाठी त्यांनी जपान, चीन आणि अमेरिकेतल्या एकेका बालवाडीतला दिवस चित्रित केला. मग तिन्ही देशांतल्या शिक्षकांना एकमेकांच्या चित्रफिती दाखवल्या.

क्योटोतल्या, बौद्ध मंदिराशी जोडलेल्या बालवाडीत चार वर्षांचा एक मुलगा दिवसभर धिंगाणा घालतो. मध्येच मोठ्याने गातो, सोबत्याच्या हातावर पाय देतो, खेळायचे पत्ते खाली भिरकावतो. शिक्षिका त्याला ना रागावते, ना बाजूला बसवते. तक्रार घेऊन आलेल्या मुलांनाच ती सांगते, की तुम्हीच काहीतरी करा. अमेरिकी आणि चिनी शिक्षकांना हा निष्काळजीपणा वाटला. जपानी शिक्षकांच्या दृष्टीने तो विचारपूर्वक ठेवलेला संयम होता. शिक्षिका प्रत्येक वेळी मध्ये पडली तर मुले एकमेकांशी वागायला शिकणार कधी, असा त्यांचा सवाल. दुरून लक्ष ठेवत थांबणे, या अर्थाचा ‘मिमामोरु’ हा शब्द त्यासाठी वापरला जातो. थांबणे म्हणजे सोडून देणे नव्हे. इजा होईल असे दिसले तर शिक्षिका उठते.

या जपानी वर्गात एका शिक्षिकेमागे २५-३० मुले होती. संख्या थोडी जास्त असली की मुले एकमेकांवर अवलंबून राहतात, असे तिथल्या शिक्षकांचे मत होते. आपल्याकडे जास्त मुले म्हणजे जास्त धाक, हे समीकरण ठरून गेले आहे. ते अटळ नाही, एवढे तरी या वर्गाने दाखवले.

चीन आणि अमेरिकेत काय दिसले?

चीनमधील कुनमिंगच्या बालवाडीत मुले चित्रात दाखवल्याप्रमाणे, न बोलता ठोकळे रचत होती आणि ठरलेल्या वेळी सगळी एकत्र स्वच्छतागृहात जात होती. अमेरिकी प्रेक्षकांना ते पाहवले नाही. चिनी शिक्षकांना मात्र ती मुलांची काळजी वाटत होती. एकुलत्या एका, लाडावलेल्या मुलाला चार जणांत राहण्याची सवय लावणे हे शाळेचे काम, अशी त्यांची भूमिका. पुढच्या पिढीत चित्र बदलले. २००९च्या पुढील पुस्तकात शांघायच्या बालवाडीत एक मूल गोष्ट सांगते आणि बाकीची मुले तिच्यातले गुणदोष तोंडावर सांगतात, असे दृश्य आहे. सवंगड्यांनी चूक दाखवणे हीही तिथली शिस्तच. संस्कृती वीस वर्षांत एवढी बदलू शकते, हाही त्या पुस्तकाचा धडा.

लाजेचा वापर चिनी घरांत उघडपणे होतो. हायडी फंग यांनी तैपेईतल्या कुटुंबांत दोन ते चार वर्षांच्या मुलांचे निरीक्षण केले. पालक पाहुण्यांसमोर मुलाच्या चुकांच्या गोष्टी सांगत, तिथल्या तिथे धडा देत. त्याच सुमारास पेगी मिलर यांच्यासोबत झालेल्या तुलनेत शिकागोचे पालक मुलांच्या गोष्टी सांगताना त्यांच्या चुकांवर पांघरूण घालत असल्याचे दिसले. पाहुण्यांसमोर ‘काय केलेस ते सांग मामाला’ म्हणणाऱ्या मराठी घरांना तैपेई जवळचे वाटेल.

अमेरिकी बालवाडीत भर असतो शब्दांवर. ‘हात नको, तोंडाने सांग’ हे तिथले परवलीचे वाक्य. न ऐकणाऱ्याला काही मिनिटे बाजूला बसवण्याची ‘टाइम-आउट’ पद्धत १९६०च्या दशकात तिथल्या वर्तनशास्त्रज्ञांनी रूढ केली. आपल्याकडच्या इंग्रजी शाळांनी ती घेतली, पण अनेकदा कोपऱ्यात उभे करण्याच्या जुन्या शिक्षेलाच नवे नाव मिळाले.

मार रूढ असेल तिथे तो कमी बाधतो का?

पालकांचा नेहमीचा युक्तिवाद असा, की आम्हीही मार खाल्ला, काही बिघडले नाही. जेनिफर लॅन्सफोर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये हा युक्तिवाद तपासला. चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपिन्स आणि थायलंड या सहा देशांतल्या ३३६ माता आणि त्यांच्या मुलांकडून त्यांनी माहिती घेतली. ही मुले बालवाडीपेक्षा मोठी होती, तरी उत्तर उपयोगी आहे.

जिथे मार सर्रास चालतो असे मुलांना वाटत होते, तिथे मार आणि मुलांची आक्रमकता, चिंता यांच्यातला संबंध सौम्य होता. सगळ्यांच्याच घरी पडतो म्हटल्यावर मूल त्याचा अर्थ ‘आई माझ्यावर प्रेम करत नाही’ असा लावत नसावे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पण सौम्य म्हणजे शून्य नव्हे. ज्या मुलांना जास्त मार पडत होता ती सहाही देशांत अधिक आक्रमक आणि अधिक चिंताग्रस्त आढळली. ‘आमच्यात चालते’ या सबबीने इजा कमी होते, टळत नाही.

एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६मध्ये पाच दशकांतल्या ७५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात सुमारे १ लाख ६० हजार मुलांची माहिती होती आणि साध्या चापटीचाच विचार केला होता. तपासलेल्या १७ परिणामांपैकी १३ बाबतींत चापट आणि वाईट परिणाम यांचा संबंध दिसला. अशा अभ्यासांतून कार्यकारण सिद्ध करणे अवघड असते, कारण दंगेखोर मुलालाच जास्त मार पडतो, असाही आक्षेप घेता येतो. मात्र चापटीने मूल पुढे अधिक शहाणे होते, असे या विश्लेषणात कुठे दिसले नाही.

‘सांगून कळत नाही’ यामागे काय असते?

तीन वर्षांच्या मुलाला नियम कळतो, पण पाळता येत नाही. फिलिप झेलाझो आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात केलेला पत्त्यांचा प्रयोग हे सोप्या रीतीने दाखवतो. मुलाला आधी रंगानुसार पत्ते वेगळे करायला सांगतात, मग आकारानुसार. तीन वर्षांचे मूल नवा नियम तोंडाने अचूक सांगते आणि हाताने मात्र जुन्याच नियमाप्रमाणे पत्ते ठेवत राहते. चार-पाच वर्षांची बहुतेक मुले हा बदल सहज करतात.

स्वतःला आवरण्याचे काम करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. तेव्हा ‘हात लावू नको’ असे सांगूनही हात लावणारे तीन वर्षांचे मूल मुद्दाम उद्दामपणा करते आहे, असे गृहीत धरणे चूक. घाबरलेल्या मुलाला तर जमत असलेले आवरणेही जमेनासे होते. म्हणूनच ओरडून तात्पुरती शांतता मिळते आणि दहा मिनिटांनी तोच प्रकार पुन्हा घडतो.

महाराष्ट्राने यावर कधी विचार केला होता?

शंभर वर्षांपूर्वीच. मारिया माँटेसरी यांनी पहिले ‘बालगृह’ १९०७मध्ये रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीतल्या इमारतीत सुरू केले. वकिली सोडून शिक्षणात आलेले गिजुभाई बधेका त्यांच्या विचारांनी प्रभावित झाले आणि १९२०मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर उभे राहिले. शिक्षा नको आणि बक्षिसाचे आमिषही नको, हा गिजुभाईंचा आग्रह. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक भावनगरला त्यांच्यासोबत काम करू लागल्या. दोघांनी १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला.

ताराबाईंनी १९३६मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केले. अँटॉप हिलपासून ही जागा जेमतेम तीन-चार किलोमीटरवर आहे. पण ही पद्धत मध्यमवर्गीय मुलांपुरतीच राहते, ही खंत त्यांना होती. म्हणून १९४५मध्ये अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि पुढे १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेले.

तिथल्या आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात. धाकाने, आमिषाने आणता आली असती. ताराबाई-अनुताईंनी बालवाडीच पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, पाने-शिंपले-खडे यांची खेळणी करणे, गाणी म्हणणे यातून दिवसाला क्रम आला आणि त्या क्रमातून शिस्त. हात रिकामा नसलेल्या मुलाला दटावावे लागत नाही, ही त्यामागची साधी अक्कल होती. देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हेच नाव देशभर गेले. नाव गेले, त्यामागची रीत मात्र सगळीकडे पोहोचली नाही.

मग हात उचलला का जातो?

याचे एक उत्तर जुन्याच अभ्यासात आहे. बीट्रिस आणि जॉन व्हायटिंग यांच्या पुढाकाराने १९५०च्या दशकात सहा समाजांतल्या बालसंगोपनाचा अभ्यास झाला. त्यात उत्तर प्रदेशातले खलापूर हे गाव होते आणि केनिया, ओकिनावा, मेक्सिको, फिलिपिन्स, अमेरिका इथल्या वस्त्या. आईची शिस्त तिच्या विचारांपेक्षा तिच्यावरचे कामाचे ओझे, घराची रचना आणि मदतीला असलेले हात यांवर अवलंबून असते, असा त्यातून निघालेला महत्त्वाचा निष्कर्ष.

अँटॉप हिलच्या दहा बाय बाराच्या खोलीला तो तंतोतंत लागू पडतो. रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी झोपलेला असतो, भिंतीपलीकडे शेजारी, मोरीसमोर चूल आणि त्यात पळायला बघणारे चार वर्षांचे मूल. ‘गप्प बस’ आणि मागोमाग पडणारा धपाटा हा तिथे संस्कृतीपेक्षा जागेचा प्रश्न असतो. टॉवरमधल्या घरात जागा असते, पण थकून आलेल्या आई-बाबांकडे वेळ नसतो. तिथे धपाट्याऐवजी मोबाइल हातात पडतो. एका ताईंवर मुले, पोषण आहार, नोंदवह्या आणि सर्वेक्षणे असा भार असेल, तर ‘मिमामोरु’साठी लागणारा निवांतपणा त्यांनी आणायचा कुठून? पालकांना किंवा ताईंना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही.

कायदा बालवाडीतल्या मुलाला वाचवतो का?

इथे मोठी फट आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली. हा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. पण तो सहा ते चौदा वयोगटासाठी आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था सरकारने ‘करता येईल’ एवढेच कलम ११ सांगते. म्हणजे दुसरीतल्या मुलाला उघड संरक्षण आणि बोलताही न येणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला आडवळणाने.

ते आडवळण म्हणजे बाल न्याय कायदा, २०१५. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मारहाण किंवा छळ करून मुलाला विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना दिल्या, तर कलम ७५ अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुलांची देखभाल सोपवलेल्या संस्थेतला कर्मचारी दोषी असेल तर पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि पाच लाखांपर्यंत दंड. घरातल्या धपाट्यावर मात्र भारतात स्पष्ट बंदी नाही. उलट बारा वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्‍भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचे कलम २७ काही अटींवर संरक्षण देते.

स्वीडनने १९७९मध्ये घरातल्या मारावरही बंदी घातली, तसे करणारा तो पहिला देश. त्या तरतुदीत स्वतंत्र शिक्षा नव्हती. दुधाच्या खोक्यांवर माहिती छापून ती घरोघरी पोहोचवण्यावर भर दिला गेला. आज साठहून अधिक देशांत अशी बंदी आहे. दक्षिण आशियात २०१८मध्ये नेपाळने पहिले पाऊल टाकले आणि जपानमध्ये २०२०पासून पालकांनाही शिक्षा म्हणून मारण्यास मनाई आहे. नॉर्वेत ही बंदी १९८७पासून आहे. नोकरीसाठी युरोपात जाणाऱ्या मराठी कुटुंबांना ही बाब ठाऊक असायला हवी, कारण इथला ‘प्रेमाचा धपाटा’ तिथे गुन्हा ठरू शकतो.

घरी आणि बालवाडीत आज काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे घर आणि बालवाडी यांची बोलाचाली. घरी मुलाला कसे शांत करतात, कोणत्या भाषेत, कोण समजावते, एवढे तीन प्रश्न प्रवेशाच्या वेळी विचारले तरी ताईंचे काम हलके होते. तमिळ आजीचा एक शब्द माहीत असेल तर रडणारे मूल लवकर सावरते. ‘मारा हवे तर’ म्हणणाऱ्या पालकाला ताईंनी दिलेले उत्तरही महत्त्वाचे. आम्ही मारत नाही, घरी काय उपयोगी पडते ते सांगा, एवढे पुरते.

‘पळू नको’ म्हणण्यापेक्षा ‘भिंतीला हात लावून चाल’ हे लहान मुलाला लवकर जमते, कारण त्यात काय करायचे ते असते. पाणी सांडले तर फडके हातात द्यावे. खेळ थांबवायच्या पाच मिनिटे आधी सांगावे. दोन मुले खेळण्यासाठी ओढाताण करत असतील तर इजा होत नाही हे पाहून क्षणभर थांबावे, बऱ्याचदा ती स्वतःच सोडवतात. एकाला मारल्याबद्दल बोलायचे असेल तर रडणे थांबल्यावर, इन्युइट घरांसारखे, खेळाच्या रूपात बोलावे. आणि टीचरचा, डॉक्टरांचा, पोलिसांचा बागुलबुवा करू नये. हरवलेल्या मुलाने उद्या मदत मागायची ती त्यांच्याकडेच.

आपला हात उठणार असे वाटले, तर मुलाला सुरक्षित ठेवून दोन मिनिटे दाराबाहेर जाणे हा कमीपणा नाही. बालवाडीत मारहाण होत असल्याचा संशय आला तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे आणि राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार करता येते. मूल शाळेत जायला अचानक नकार देऊ लागले, झोपेत दचकू लागले, बाहुलीला तशाच शब्दांत दटावू लागले, तर तेवढ्यावर आरोप करू नये, पण विचारपूस जरूर करावी.

प्रत्येक संस्कृतीने मुलाला आवरण्याचे आपापले मार्ग शोधले आहेत आणि त्यातले कित्येक मार्ग हात न उचलता जातात. महाराष्ट्राला ते बाहेरून आणण्याची गरज नाही. दादर आणि कोसबाडने ते चालवून दाखवले आहेत. आता गरज आहे ती ताईंच्या डोक्यावरचा भार कमी करण्याची, वस्तीत मुलांना पळायला जागा देण्याची आणि सहा वर्षांवरच्या मुलांना मिळालेले कायद्याचे कवच तीन वर्षांच्या मुलापर्यंत नेण्याची.